विश्लेषण : राज्यशास्त्र हा खरंच ‘सोपा’ विषय आहे का? गणिताचे शिक्षक गोखले राजकारणाचे विद्यार्थी कसे झाले?

दहावीचा निकाल लागला की यवतपासून दौंडपर्यंत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? आर्ट्सचे नाव काढले की आवाज जरा खाली येतो. त्यातही मुलाने किंवा मुलीने राज्यशास्त्र घेणार असे सांगितले, तर पुढारी व्हायचे आहे का, असा प्रश्न ठरलेला. दहावीपर्यंत हा विषय इतिहासाच्या पाठीवर बसूनच येतो. ‘इतिहास व राज्यशास्त्र’ अशी 40 गुणांची एकच लेखी परीक्षा आणि तीत राज्यशास्त्राचा वाटा लहान. त्यामुळे आदल्या रात्री वाचून काढायचा विषय, अशीच त्याची ओळख झाली आहे.

मग राजकारण ही अभ्यासाने शिकायची गोष्ट आहे का, आणि शिकली तर तिला विद्येचा मान मिळतो का? पुण्यात हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार गांभीर्याने घेतला होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत, एवढे बहुतेकांना माहीत असते. गोखले स्वतः राजकारण कसे शिकले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

गोखले राजकारणात आले कुठून?

वर्गातून. 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याच्या शिक्षणाला पैसे पाठवले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 मध्ये गोखले पदवीधर झाले, तेव्हा ते 18 वर्षांचे होते. त्यांचा विषय गणित. त्या काळी वकिली किंवा सरकारी नोकरी हा सरळ रस्ता होता. गोखले मात्र पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. पगार महिना 75 रुपये, करार 20 वर्षांचा. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले.

राजकारण ते कोणत्याच वर्गात शिकले नाहीत. शिकणार तरी कुठे? पॅरिसमध्ये 1872 साली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1880 साली या विषयाच्या स्वतंत्र शाळा निघाल्या होत्या. लंडनची अर्थशास्त्र व राज्यशास्त्राची संस्था 1895 ची. पुण्यातल्या तरुण मास्तरांसाठी त्यांचा उपयोग नव्हता. त्यांना शिक्षक मिळाला तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणारा.

रानड्यांनी नेमके काय शिकवले?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे गोखले जाऊ लागले आणि ती शिकवणी रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1901 पर्यंत चालली. त्यात भाषण कसे ठोकावे, हे नव्हते. सरकारी अहवाल वाचायचे, जमाखर्चाचे तक्ते लावायचे, मागच्या वर्षीचा आकडा यंदाच्या आकड्याशी ताडायचा आणि मग सरकारला पाठवायच्या अर्जाचा मसुदा लिहायचा. मसुदा पसंत पडला नाही तर पुन्हा. 1887 पासून पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे आले, तेव्हा ही मेहनत दुप्पट झाली.

इतके कष्ट करून पाठवलेल्या अर्जांना सरकार दोन ओळींची पोच देते, मग उपयोग काय, असे गोखल्यांनाही वाटले. हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात, खरे वाचक आपले लोक आहेत, अशी रानड्यांची समजूत होती. लोकांना अशा गोष्टींवर विचार करण्याची सवय लागावी, म्हणून ते लिहायचे. नागरिकशास्त्राचा तास कशासाठी असतो, याचे इतके नेमके उत्तर आजच्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेतही सापडणे कठीण.

सोलापूरचे हेडमास्तर

यवतवरून जाणारा पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग रोज पाहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हवे. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या हायस्कूलचे हेडमास्तर आणि सरकारी आकडेवारीचे त्या काळातले जबरदस्त जाणकार. सरकारी नोकरीत असल्याने त्यांचे लेखन बरेचदा नाव न घालता छापले जाई. सारा, लष्करी खर्च, रुपयाचा भाव यावर गोखले त्यांच्याशी पत्रांतून सल्लामसलत करत. कलकत्त्याच्या कौन्सिलात गाजलेल्या भाषणांमागे एका शाळामास्तराची वही होती, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. वय अवघे 30. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी असे मुरलेले लोक साक्षीदारांत होते. उलटतपासणीत गोखले टिकले ते या तयारीच्या जोरावर.

पुराव्याविना बोलले तेव्हा काय झाले?

त्याच दौऱ्यात त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा धक्काही बसला. पुण्यात प्लेगच्या झडत्या सुरू होत्या. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून पत्रांतून कळले आणि गोखल्यांनी ते तिथल्या वृत्तपत्राला सांगितले. परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे पुढे येऊन साक्ष देतील अशी स्थिती नव्हती आणि त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते. त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. काँग्रेसमध्येही काही काळ लोक त्यांना टाळू लागले.

माफी इतकी बिनशर्त असायला हवी होती का, यावर आजही दोन मते आहेत. झडत्यांतला जुलूम खोटा नव्हता. पण व्हॉट्सॲपवर आलेले लगेच पुढे ढकलण्याच्या आपल्या काळात ही घटना राज्यशास्त्राच्या पुस्तकात एक धडा म्हणून घालायला हरकत नाही.

अभ्यासाने सरकार हलले का?

थोडे हलले. 26 मार्च 1902 रोजी केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण झाले. सरकार वर्षानुवर्षे शिल्लक दाखवत होते आणि तिला भरभराटीचे लक्षण म्हणत होते. गोखल्यांनी तेच आकडे उलटे वाचून दाखवले. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. तो 1903 मध्ये दोन रुपये, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांचे यश नव्हते, मागणी जुनी होती. पण सरकारच्याच आकड्यांनी सरकारला अडवता येते, हे देशाला दिसले.

राजकारण शिकवणारी संस्था

12 जून 1905 रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशसेवेसाठी आयुष्य देणाऱ्यांना आधी शिकवायचे, ही त्यामागची कल्पना. नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी. त्यातला मोठा काळ पुण्याच्या ग्रंथालयात वाचनात आणि उरलेला देश हिंडून पाहण्यात. घरखर्चापुरते वेतन आणि स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही अशी शपथ. डॉक्टर, वकील व्हायला वर्षे लागतात, मग देशाचा कारभार बोलायला अभ्यास नको का, असा हा रोकडा विचार होता.

गांधीजी जानेवारी 1915 मध्ये आफ्रिकेहून परतले. गोखल्यांनी त्यांच्याकडूनही एक वर्ष देश पाहायचा आणि राजकारणावर बोलायचे नाही, असे वचन घेतले. पुढे अख्खा देश ज्यांच्या शब्दावर चालला, त्यांनाही हा गृहपाठ चुकला नाही.

विद्यार्थ्यांनी राजकारणात पडावे का?

इथे गोखल्यांशी वाद घालायला जागा आहे. ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसनचे विद्यार्थी असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना 10 रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. लोकमान्य टिळकांनी कॉलेजवर टीका केली. 1907 मध्ये सरकारने परिपत्रक काढून विद्यार्थी आणि शिक्षकांना राजकीय सभांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. 1909 मध्ये मुंबईत विद्यार्थ्यांपुढे बोलताना गोखल्यांनी आपली बाजू मांडली. तिचा आशय असा, की देशाचे प्रश्न विद्यार्थ्यांनी समजून घ्यावेत, पण प्रत्यक्ष चळवळीत उतरण्याची घाई करू नये.

ही रेघ कागदावर सरळ दिसते. पण कॉलेजबाहेर होळी पेटली असताना आत बसून अहवाल वाचा, हे 20 वर्षांच्या मुलाला पटणे अवघड होते आणि अनेकांना ते पटलेही नाही. शाळेत राजकारण आणू नका, असे आज म्हणणारे पालक नकळत गोखल्यांच्या बाजूचे असतात. मात्र गोखल्यांनी चळवळ थांबवायला सांगितली, अभ्यास नव्हे. पालक बहुतेक वेळा दोन्ही थांबवतात.

38 विरुद्ध 13

त्यांच्या अभ्यासाची सर्वांत मोठी कसोटी प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाने घेतली. मार्च 1911 मध्ये मांडलेले हे विधेयक सावध होते. जिथे बरीच मुले आधीच शाळेत जातात, तिथे स्थानिक संस्थेला 6 ते 10 वयाच्या मुलांसाठी सक्ती करता यावी, एवढेच. सुरुवातीला फक्त मुलगे. महिना 10 रुपयांपेक्षा कमी मिळकतीच्या घराला फी नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर सक्ती लागू केली होती आणि महात्मा फुल्यांनी तर 1882 मध्येच हंटर कमिशनपुढे 12 वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. म्हणजे गोखले पहिले नव्हते आणि सर्वांत धाडसीही नव्हते. त्यांनी खर्चाची वाटणी मांडली, इंग्लंड-आयर्लंडचे दाखले दिले. मार्च 1912 मध्ये विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी पडले.

युक्तिवाद पक्का होता, मते नव्हती. गावातल्या माणसाला मतदानाचा हक्कच नसताना कायदेमंडळातला अभ्यास कुठपर्यंत पोचणार? गोखल्यांचे राजकारण शिकलेल्यांपुरते राहिले, ही टीका इथे लागू पडते. मुंबई प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला कायदा 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी आणला. 19 फेब्रुवारी 1915 रोजी गोखले वारले होते. देशभर 6 ते 14 वयासाठी शिक्षणहक्क लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडावे लागले.

आज या विषयाला मान आहे का?

विद्यापीठांत आहे, घरात कमी. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय आहे. शिवाय सामान्य अध्ययनाचा 250 गुणांचा दुसरा पेपर संविधान, कारभार आणि परराष्ट्र संबंधांवरच बेतलेला. कायदा, पत्रकारिता, धोरण-संशोधन इथेही तो कामी येतो. नुसत्या बी.ए.वर लगेच नोकरी मिळेल, असे मात्र कुणी सांगू नये. पुढे पदव्युत्तर शिक्षण, कायदा किंवा स्पर्धा परीक्षा धरूनच हिशेब करावा लागतो. आणि सोबत थोडे अर्थशास्त्र व संख्याशास्त्र असावे. गोखल्यांच्या नावाने 1930 मध्ये पुण्यात निघालेल्या संस्थेच्या मूळ इंग्रजी नावात ‘पॉलिटिक्स’ आधी आणि ‘इकॉनॉमिक्स’ नंतर आहे. प्रत्यक्षात तिची ख्याती अर्थशास्त्राची आहे.

दहावीच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढची आव्हाने अशी प्रकरणे आहेत. परीक्षेत व्याख्या आणि कारणे विचारली जातात. पंचायतीचा जमाखर्च समोर ठेवून तो वाचून दाखवा, असा प्रश्न येत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि गावाच्या मतदार यादीतला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. म्हणजे यवतमधला दहावीचा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत तिथे बसून आकड्यांबद्दल विचारू शकेल.