जॉन ॲलन : काल्पनिक रेल्वेचा निर्माता

नकाशावर कोठेही नसलेली रेल्वे खरी भासावी, यासाठी आयुष्य वेचणाऱ्या जॉन ॲलन यांचा जन्म २ जुलै १९१३ रोजी अमेरिकेतील जॉप्लिन येथे झाला. पेशाने छायाचित्रकार असलेल्या ॲलन यांनी १९४६ मध्ये 'गोरी अँड डिफीटेड' या काल्पनिक रेल्वेची प्रतिकृती उभारण्यास प्रारंभ केला. उच्चारात 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ ध्वनित करणारे हे नाव त्यांच्या मिस्कील स्वभावाचे द्योतक होते. डबे हलविण्याच्या कामासाठी त्यांनी इंजिनाऐवजी चक्क एक डायनासोर नेमला होता!

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील घराच्या तळघरात १:८७ या प्रमाणात हे विश्व साकारले. जमिनीपासून छतापर्यंत भिडणारे डोंगर, खोल दऱ्या आणि अंतराचा आभास निर्माण करणारे आरसे ही त्याची वैशिष्ट्ये. चकचकीत खेळण्यांऐवजी गंजलेले डबे, काजळी धरलेली इंजिने आणि जीर्ण इमारती त्यांनी घडविल्या. मात्र देखावा हेच त्यांचे साध्य नव्हते. प्रत्येक गाडीला मालाचे, प्रवाशांचे प्रयोजन हवे, असा त्यांचा आग्रह असे. मित्रांच्या साह्याने ही रेल्वे वेळापत्रकानुसार धावत असे. डबे कमीत कमी हालचालींत जुळविण्याचे 'टाइमसेव्हर' हे कोडेही त्यांचेच.

प्रकल्प पूर्णत्वाच्या समीप असताना ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच घराला लागलेल्या आगीत ही प्रतिकृती बव्हंशी भस्मसात झाली. उरली ती त्यांनीच टिपलेली छायाचित्रे. त्यांच्या आधारेच पुढील पिढ्यांनी ही कला आत्मसात केली.