रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि मालेरीचे दात

मंगळावर जीव आहेत काय, असा प्रश्न रविवारच्या शाळेतील मुले पुष्कळदा विचारतात आणि शिक्षकांची अडचण होते. त्यासाठी आज आम्ही आपल्याच भागात दगडांतून जीवनाच्या खुणा शोधणाऱ्या एका मिशनऱ्याची ओळख करून देत आहोत.

रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने ते 1845 साली नागपुरास आले. पुढील वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. उपदेश, शिक्षण आणि खेडोपाडी दौरे हेच त्यांचे मुख्य काम होते. दौऱ्यावर असताना गोंड लोकांची भाषा व गाणी त्यांनी आस्थेने टिपून ठेवली. वाटेवरचे दगडही त्यांच्या नजरेतून सुटत नसत. त्यांनी व त्यांचे सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातील खडक आणि जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध 1855 साली लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, प्राणहितेच्या खोऱ्यात मालेरी हे गाव आहे. तेथील लाल मातीत माशांचे दगड झालेले दात सापडले. हे मासे सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीचे. 1859 साली डॉ. ओल्डहॅम यांनी त्यांतील एका जातीला हिस्लॉप यांचे व दुसरीला हंटर यांचे नाव दिले. असा मासा जिवंत कोणी पाहिला नव्हता. हाती होते ते केवळ दात. पुढे 1870 साली त्याच्या कुळातला, फुप्फुसाने श्वास घेणारा मासा ऑस्ट्रेलियाच्या नद्यांत जिवंत असल्याचे शास्त्रज्ञांनी ओळखले.

ते पाहण्यास हिस्लॉप नव्हते. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्यांचे गोंडांविषयीचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव चालवीत आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. मंगळावरही शास्त्रज्ञ हिस्लॉप यांच्याच वाटेने चालले आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेची पर्सिव्हिअरन्स ही गाडी जेझेरो नावाच्या विवरात उतरली, कारण तेथे 300 कोटी वर्षांहूनही पूर्वी सरोवर होते. पाण्याने साठविलेल्या गाळातच जुन्या जीवनाची खूण टिकण्याचा संभव अधिक. 2024 साली तेथील एका खडकावर विशेष ठिपके आढळले. ते प्राचीन सूक्ष्म जीवांमुळे पडले असू शकतील. पण जीवांवाचूनही तसे घडू शकते, म्हणून शास्त्रज्ञांनी निर्णय राखून ठेवला आहे.

तेव्हा शिक्षकांनी मुलांना सरळ सांगावे की, पृथ्वीबाहेर जीव असल्याचा पुरावा अद्याप मिळालेला नाही, शोध मात्र चालू आहे. असे उत्तर देण्यात विश्वासाला काही उणेपणा येत नाही. हिस्लॉप यांच्या एका हातात बायबल होते व दुसऱ्या हातात हातोडी. दगड जेवढे सांगतो तेवढेच सांगावे, हा प्रामाणिकपणा त्यांच्या जीवनातून आपण सर्वांनीच घेण्यासारखा आहे.