विश्लेषण : डेटाबेसला वाट दाखवायची कोणी? एडगर कॉड यांच्यापासून सुरू झालेला वाद काय आहे?

मोबाइलवर बँकेतील शिल्लक पाहिली, की डेटाबेसला एक प्रश्न, म्हणजे क्वेरी जाते. उत्तराची वाट प्रोग्रामरने सांगायची की संगणकाने शोधायची? अर्धशतकाहून जुन्या या वादाच्या मुळाशी एडगर कॉड आहेत.

कोण होते कॉड?

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले, तर दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर मॅकार्थी यांच्या राजकारणाला विटून १९५३ मध्ये त्यांनी कॅनडा गाठले. काही वर्षांनी ते अमेरिकेत परतले.

त्यांनी काय बदलले?

तोवर माहिती साखळीसारखी जोडलेली असे. कोणत्या नोंदीतून कुठे जायचे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. साठवणुकीची रचना बदलली, की प्रोग्रामही बदलावे लागत. १९७० मधील शोधनिबंधात कॉड यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडण्याचा मार्ग सुचवला. काय हवे ते माणसाने सांगावे, ते कसे शोधायचे हे यंत्रणेने पाहावे.

विरोध का झाला?

आयबीएमचे आयएमएस हे जुन्या पद्धतीचे उत्पादन तेव्हा जोरात होते. ट्युरिंग पुरस्कारविजेते चार्ल्स बाखमन तर प्रोग्रामरकडे माहितीच्या जगातला दिशादर्शक म्हणून पाहत. १९७४ मध्ये दोन्ही पक्षांत जाहीर वादविवाद झाला. यंत्र माणसाइतकी चांगली वाट निवडेल का, ही शंका रास्तच होती. १९७९ मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजून स्वस्त वाट निवडणारा ऑप्टिमायझर मांडला.

मग ‘हिंट’ कशासाठी?

हा अंदाज आकडेवारीवर बेतलेला असतो. आकडेवारी शिळी असेल, तर शंभर नोंदी गृहीत धरून निवडलेल्या वाटेवर दहा लाख नोंदी निघतात आणि काम रखडते. अशा वेळी अमुक इंडेक्स वापर, अशी सूचना देण्याची सोय ओरॅकलमध्ये आहे. पोस्टग्रेसच्या विकासकांनी मात्र ती अनेक वर्षे जाणीवपूर्वक टाळली. माहिती वाढते, हिंट तशीच राहते. शिवाय ऑप्टिमायझरमधील दोष झाकला जातो, असा त्यांचा युक्तिवाद.

कॉड यांच्या कसोटीवर काय?

१९८५ च्या त्यांच्या नियमांपैकी आठवा सांगतो, की साठवणुकीची किंवा शोधाची पद्धत बदलली तरी प्रोग्रामचे काम बिघडू नये. हिंटमुळे उत्तर बदलत नाही, बदलतो तो वेग. म्हणजे नियम मोडत नाही. पण प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवलेले ओझे पुन्हा चढते. त्यामुळे हिंट असावी, पण औषधासारखी : आधी आकडेवारी ताजी करावी, तरीही गरज पडल्यास कारण नोंदवून हिंट द्यावी आणि ठरावीक काळाने ती काढून पाहावी.

१९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेल्या कॉड यांचे १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात निधन झाले. आज बहुतांश क्वेरी कोणत्याही हिंटशिवाय चालतात, हे त्यांच्याच विचाराचे यश.