ज्या दुकानात साहेब टोपी घ्यायचा, तिथंच पुढं खादी विकली गेली : रॉबर्ट लेडलॉची गोष्ट

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला मागावर विणलेलं कापड नांदेडला येतं आणि नांदेडला त्याचा तिरंगा होतो. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं हे काम आता बऱ्याच जणांना माहिती आहे. दर १५ ऑगस्टच्या आधी त्याच्या बातम्याही येतात.

अशी देशभरातली खादी मुंबईत जिथं विकली जायची, ती सगळ्यात नावाजलेली जागा म्हणजे फोर्टमधलं खादी भांडार. सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रोडनं हुतात्मा चौकाकडं निघालात की वाटेत ती जुनी दगडी इमारत लागते.

पण ती इमारत खादीसाठी बांधलेलीच नव्हती. ती होती व्हाइटअवे लेडलॉची. सोला हॅट, फ्लॅनेलचे सूट, टाय, बूट, मेमसाहेबांचे झगे आणि विलायतेहून बोटीनं आलेली कटलरी विकणाऱ्या कंपनीची. लाहोरपासून शांघायपर्यंत या कंपनीच्या शाखा होत्या. आज तिचं नाव विचारलं तर शंभरातल्या एकालाही सांगता यायचं नाही.

ही कंपनी ज्यानं उभी केली, त्या रॉबर्ट लेडलॉची ही गोष्ट.

लेडलॉचा जन्म १८५६ चा, स्कॉटलंडच्या सीमाभागातला. बॉनचेस्टर नावाचं खेडं. शिक्षण गावच्या साध्या शाळांत झालं. त्याच्या आजूबाजूचा मुलूख लोकरीच्या कापडाचा. हॉइक आणि आसपासच्या गावांमधल्या गिरण्यांचं ट्वीड आणि होजिअरी जगभर जायची. म्हणजे कापड कसं बनतं आणि कसं विकतात, हे या पोरानं लहानपणापासून पाहिलेलं होतं.

१८७७ मध्ये तो भारतात आला. वय २१.

हा काळ नीट समजून घेतला पाहिजे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये सुरू झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणारा प्रवास काही आठवड्यांवर आला होता. तारायंत्र आलं होतं, रेल्वे पसरत होती. आणि लेडलॉ आला त्याच १८७७ मध्ये भारताच्या पोस्टानं व्हीपीपी सुरू केली. माल पोस्टानं घरी येणार, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे. आज आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो, ते हेच.

दुसरा बदल माणसांचा. पूर्वी भारतात येणारा गोरा म्हणजे मोठा अधिकारी नाहीतर मोठा व्यापारी. आता रेल्वेचे गार्ड, तार खात्यातले कारकून, चहामळ्यावरचे असिस्टंट, साधे सोल्जर असे बेताच्या पगाराचे लोक मोठ्या संख्येनं येत होते. त्यांच्याबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबंही होती. साहेबासारखं राहणं या सगळ्यांना भाग होतं आणि खिशात तेवढे पैसे नव्हते.

त्या काळातली मोठी युरोपियन दुकानं चालायची उधारीवर. साहेब वस्तू घेणार, चिठ्ठीवर सही करणार आणि निघून जाणार. बिल महिन्यानं, कधी सहा महिन्यांनी. मध्येच बदली झाली की वसुलीचा घोर. कुणी तापानं दगावला तर पैसे बुडालेच. बुडणारी रक्कम दुकानदार मग इतरांच्या मालावर किंमत चढवून काढायचा. म्हणजे जो इमानेइतबारे पैसे भरायचा, तोच उधारीवाल्यांचा भार उचलायचा.

लेडलॉनं हेच उलटं केलं. १८८२ मध्ये एडवर्ड व्हाइटअवे या भागीदाराबरोबर त्यानं कलकत्त्यात दुकान टाकलं आणि नियम ठेवला रोखीचा. उधारी नाही, घासाघीस नाही, किंमत ठरलेली. बुडीत पैशांचा प्रश्नच नाही, त्यामुळं माल स्वस्त देता आला. गिऱ्हाइकांनी कंपनीच्या नावावर कोटी करून तिचं टोपणनाव पाडलं, राइट-अवे अँड पेड-फॉर. घ्या लगेच आणि पैसेही लगेच. वरच्या वर्तुळातले साहेब या दुकानाला थोडं नाक मुरडायचे. त्यांच्यासाठी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं. पण धंदा चालतो तो संख्येवर आणि संख्या होती गार्ड आणि कारकुनांकडं.

पुढच्या तीसेक वर्षांत शाखा वाढत गेल्या. मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, कोलंबो, रंगून, पेनांग, क्वालालंपूर, सिंगापूर, शांघाय. जिथं ब्रिटिशांची छावणी, बंदर किंवा थंड हवेचं ठिकाण, तिथं व्हाइटअवे. जिथं शाखा नाही तिथं कॅटलॉग आणि व्हीपीपी. एका छपराखाली कापड, बूट, भांडी, खेळणी, फर्निचर असे वेगवेगळे विभाग. आज मॉलमध्ये फिरताना आपल्याला यात नवल वाटत नाही, पण ज्या देशात कापड एका आळीत, भांडी दुसऱ्या आळीत आणि चपला तिसऱ्या आळीत मिळायच्या, तिथं ही नवलाईच होती.

त्याच काळात मराठवाड्यात काय चाललं होतं? हा भाग निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग नांदेडवरून गेला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. दोन्ही गावं कापसाच्या बाजारपेठा म्हणून वाढली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, गाठी बांधून रेल्वेनं मुंबईकडं जाऊ लागल्या. एकेकाळी नांदेड तलम मलमलीसाठी ओळखलं जायचं. आता कापूस बाहेर जात होता आणि गिरणीचं कापड आत येत होतं. व्हाइटअवेच्या शोकेसमधलं कापड आणि मराठवाड्यातली रिकामी होत चाललेली हातमागं ही एकाच व्यवहाराची दोन टोकं होती.

लेडलॉच्या चढत्या काळाचा कळस म्हणजे कलकत्त्यातली चौरंगीवरची इमारत. घुमट, मनोरा, घड्याळ, सगळा थाट. ती उभी राहिली १९०५ मध्ये.

आणि वर्ष बघा.

१९०५ च्या ७ ऑगस्टला याच कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बहिष्काराचा ठराव झाला. ऑक्टोबरमध्ये बंगालची फाळणी झाली. पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली. पुढच्याच वर्षी मुंबईत लोकमान्य टिळक आणि टाटांसारख्या उद्योगपतींच्या पाठबळावर बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघालं. कल्पना तीच, एका छपराखाली सगळं, फक्त माल देशी. म्हणजे लेडलॉचं सगळ्यात मोठं दुकान उघडलं, तेव्हाच त्याच्या धंद्याला उत्तरही तयार झालं होतं.

लेडलॉला तेव्हा याची झळ बसली नाही. त्याचं गिऱ्हाईक गोरं होतं, ते काही विदेशी कापडाची होळी करणार नव्हतं. तो स्वतः तोवर इंग्लंडला परतून राजकारणात शिरला होता. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची लाट आली आणि ईस्ट रेन्फ्रूशायरमधून लेडलॉ ब्रिटिश संसदेत पोहोचला. गंमत म्हणजे याच निवडणुकीत लंडनच्या नॉर्थ लँबेथमधून आपले दादाभाई नौरोजी उभे होते आणि हरले. भारतातली संपत्ती इंग्लंडकडं कशी वाहते, याचा हिशेब आयुष्यभर मांडणारा माणूस बाहेर राहिला आणि त्या व्यवहारावर मोठा झालेला व्यापारी आत गेला.

पण लेडलॉला सरळ खलनायक ठरवता येत नाही, कारण संसदेत गेल्यावर त्यानं घेतलेला एक विषय ब्रिटिश सरकारच्या तिजोरीला टोचणारा होता. अफू. भारतात पिकवलेली अफू चीनला विकून सरकार दशकानुदशकं पैसा कमावत होतं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. मुंबईतल्या कितीतरी बड्या घराण्यांचा पैसा त्यातलाच. लेडलॉ अफूविरोधी गटात होता. १९०९ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय अफू आयोग भरला, तेव्हा ब्रिटिश शिष्टमंडळात तो होता. अमली पदार्थांवरच्या पुढच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय करारांची सुरुवात या बैठकीपासून मानतात. त्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली.

अफू विकून देश नासवणं त्याला चूक वाटलं. कापड विकून देशातला विणकर बसवणं मात्र त्याच्या लेखी साधा धंदा होता. त्या काळच्या बहुतेक धर्मभीरू ब्रिटिश व्यापाऱ्यांचं असंच होतं. तो कट्टर ख्रिश्चन, संडे स्कूलच्या चळवळीत पुढं असलेला आणि देणग्यांच्या बाबतीत सढळ. त्याचं लक्ष मुख्यतः भारतातल्या गरीब युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या शिक्षणाकडं होतं. म्हणजे ज्यांच्या खिशातून त्याची संपत्ती आली, त्यांच्याच पोरांकडं. निलगिरीत उटीजवळ केट्टी इथं त्याच्या नावाची शाळा आजही चालू आहे.

१९१० च्या निवडणुकीत ईस्ट रेन्फ्रूशायर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडं गेलं. ३ नोव्हेंबर १९१५ रोजी लेडलॉ वारला. वय ५९. पहिलं महायुद्ध सुरू होतं, दुकानं चालू होती आणि त्याच्या डोळ्यांदेखत तरी साम्राज्याला कुठं तडा गेलेला नव्हता.

पुढची गोष्ट कंपनीची.

युद्धानंतर सरकारी नोकऱ्यांत भारतीय वाढू लागले. जो गार्ड, जो कारकून व्हाइटअवेचा हुकमी गिऱ्हाईक होता, त्याच्या खुर्चीत आता भारतीय माणूस होता आणि त्याला सोला हॅटची गरज नव्हती. १९२१ मध्ये परळला गांधीजींच्या हस्ते विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. मग १९२९ नंतरची जागतिक मंदी. त्यातच १९३० चा सविनय कायदेभंग आणि दुकानांसमोर निदर्शनं. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झालेला गिरणी कामगार बाबू गेनू चिरडला गेला. व्हाइटअवेची हॉर्नबी रोडवरची इमारत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

दुसऱ्या महायुद्धानं पूर्वेकडचा भाग तोडला. जपान्यांनी शांघाय, मलाया, सिंगापूर, रंगून घेतलं आणि तिथल्या शाखा एका फटक्यात गेल्या. युद्धानंतर काही पुन्हा उघडल्या, पण १९४७ मध्ये भारतातलं गिऱ्हाईकच बोटीत बसून निघून गेलं. रोखीचा नियम, ठरलेली किंमत, कॅटलॉग यातलं काहीही चुकलं नव्हतं. भारतीय गिऱ्हाइकासाठी दुकान बदलायला कंपनीकडं चाळीस वर्षं होती, ती तशीच गेली. स्वातंत्र्यानंतरच्या दीड-दोन दशकांत व्हाइटअवे लेडलॉ हे नाव पाट्यांवरून पुसलं गेलं.

इमारती राहिल्या. कलकत्त्याच्या इमारतीला पुढं विमा कंपनीमुळं मेट्रोपॉलिटन हे नाव पडलं आणि विम्याचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती एलआयसीकडं आली. मुंबईतल्या इमारतीलाही मेट्रोपॉलिटन हेच नाव मिळालं आणि तिथं स्वातंत्र्याच्या आगेमागे आलं खादी भांडार. हॉर्नबी रोडचं नाव बदलून दादाभाई नौरोजींचं झालं. म्हणजे आता लेडलॉच्या दुकानाचा पत्ता दादाभाईंच्या नावाचा, आणि आत विकायला खादी.

मराठवाड्याला मात्र स्वातंत्र्य उशिरा मिळालं. ७ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसनं भारतात विलीनीकरणाची मागणी करणारा दिवस पाळला. स्वदेशीचा ठराव झाला होता तीच तारीख. १५ ऑगस्टला मुंबईत रोषणाई होती, पण निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवणाऱ्याला तुरुंग होता. स्वामीजींनाही अटक झाली. नांदेड, लातूर मोकळं झालं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. पुढं स्वामीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच मराठवाड्यात खादीची संस्था उभी केली. जिथं तिरंगा हातात धरणं गुन्हा होता, त्याच नांदेडात तो शिवून देशभर जाऊ लागला.

राष्ट्रध्वजाचं कापड म्हणजे साधी खादी नाही. सुताची जाडी, विणीची घट्टी, रंगाचा पक्केपणा, अशोकचक्राची जागा, सगळं भारतीय मानक ब्युरोनं ठरवून दिलेलं. ध्वजाचे नऊ आकार, त्यातला सगळ्यात मोठा २१ फूट बाय १४ फूट. त्यामुळं हे काम करणाऱ्या जागा देशात मोजक्याच.

३० डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारनं ध्वजसंहिता बदलली. हातानं कातलेल्या-विणलेल्या कापडाची अट गेली आणि यंत्रावर बनलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. दुसऱ्या वर्षी हर घर तिरंगा मोहिमेत पॉलिस्टरचे ध्वज घरोघरी पोहोचले. खादी संस्थांनी विरोध केला, निवेदनं दिली.

आणि त्या बदलानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २०२२ मध्ये, खादी आयोगानं फोर्टचं भांडार चालवणाऱ्या संस्थेचं खादी प्रमाणपत्र रद्द केलं. खादी नसलेलं कापड खादी म्हणून विकलं जातंय, असा आयोगाचा आरोप होता.

उदगीरचे माग चालू आहेत. नांदेडात जुलै उजाडला की शिलाई मशिनवर केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांचे ढीग लागतात.