एका डॉलरचं पेटंट : डॉ. फ्रेडरिक बँटिंग

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला चाचा नेहरू आणि बालदिन आठवतो. याच तारखेला आणखी एका थोर माणसाचा जन्म झाला. म्हणून जगात हा दिवस मधुमेह दिन म्हणूनही पाळतात. त्या माणसाचं नाव डॉ. फ्रेडरिक बँटिंग.

१८९१ साली कॅनडातील एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते शेंडेफळ. मोठे होऊन ते डॉक्टर झाले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना ते स्वतःही जखमी झाले. परत येऊन त्यांनी दवाखाना काढला, पण रोगी फारसे येईनात.

त्या काळी मधुमेह म्हणजे साखरेचा आजार झालेलं मूल फार दिवस जगत नसे. औषधच नव्हतं ना! आपल्या पोटात स्वादुपिंड असतं. त्यात तयार होणारं इन्शुलिन रक्तातली साखर ताब्यात ठेवतं. ते बाहेर काढायचंच, असं बँटिंग यांनी मनावर घेतलं. १९२१ साली टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लाउड यांनी त्यांना प्रयोगाला जागा दिली. मदतीला चार्ल्स बेस्ट हा तरुण होता. पुढे जेम्स कॉलिप यांनी औषध शुद्ध केलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इंजेक्शन दिलं. पहिलं नीट लागू पडलं नाही. १२ दिवसांनी शुद्ध औषध दिलं आणि पोरगा सावरला!

आता पेटंटची गोष्ट. पेटंट म्हणजे शोधावरचा ठरावीक वर्षांचा सरकारी हक्क. तेवढी वर्षं परवानगीशिवाय दुसऱ्याने ती वस्तू बनवायची नाही. डॉक्टराने असा हक्क घेऊ नये, म्हणून बँटिंग आधी त्यावर नावच घालू देईनात. पण दुसऱ्याच कोणी पेटंट घेऊन औषध अडवलं तर? विहीर गावाची राहावी म्हणून ती गावाच्या नावावर करावी लागते, तसंच हे. शेवटी पेटंट घेतलं, आणि १९२३ साली बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपापला हक्क फक्त एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकला.

कारखाना उभारायला खर्च येतो, म्हणून विद्यापीठाने अमेरिकेतील एका कंपनीला सुरुवातीला एकच वर्ष एकटीला मुभा दिली. नंतर इतरांनाही परवाने दिले. औषध चोख आहे का, याची तपासणी ठेवली.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बेस्टला वगळलं म्हणून बँटिंग यांनी आपल्या वाट्यातले अर्धे पैसे त्याला दिले. १९४१ साली विमान अपघातात ते वारले.

आजही कितीतरी देशांत गरिबाला इन्शुलिन परवडत नाही. शोध लावणाऱ्याला मोबदला मिळावा, कारखानाही चालावा. पण औषधावाचून कुणाचं लेकरू जाऊ नये. बँटिंग यांच्या एका डॉलरने आपल्याला हेच शिकवलं.