श्रीसंत शेख महंमद महाराज

निरूपणाच्या ओघात दृष्टांत म्हणून शेख महंमद महाराजांचे नाव आले, की मंडपातून कोणी तरी हटकून विचारतो, बुवा, हे आपल्यातले की त्यांच्यातले? विचारणारा काही वाईट बुद्धीने विचारत नाही. नाव एका वळणाचे आणि अभंग दुसऱ्या वळणाचे, म्हणून बिचारा घोटाळ्यात पडतो. त्याचा घोटाळा एका वाक्यात मिटणारा नाही. त्यासाठी महाराजांचे चरित्रच सांगितले पाहिजे, आणि ते सुरू होते आपल्या बीड जिल्ह्यात.

जन्मगावाविषयी दोन मते आहेत. कोणी धारूर म्हणतात, कोणी आष्टी तालुक्यातले वाहिरे म्हणतात. कोणतेही धरा, माती बीडचीच. काळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. वडिलांचे नाव राजे महंमद, आईचे नाव फुलाई. हा मुलूख तेव्हा दोन शाह्यांच्या सीमेवर होता. १५६७ च्या सुमारास आदिलशाहीतल्या किश्वरखानाने धारूरला किल्ला बांधला आणि थोड्याच काळात तो निजामशाहीने जिंकून घेतला. आज या झेंड्याखाली, उद्या त्या. शेतकऱ्याने सारा कोणाला भरायचा, याचीच पंचाईत! पण याच मुलखात भक्तीचा आणि ज्ञानाचा मळा केवढा फुलला होता पाहा. अंबाजोगाईला मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, विवेकसिंधु रचला असे परंपरा सांगते. त्याच अंबाजोगाईत शेख महंमदांच्या काळी दासोपंत भगवद्गीतेवर टीका लिहीत होते. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. माउलींनी तीच गीता सुमारे नऊ हजार ओव्यांत सांगितली. दोघांची वाट सारखी नाही, भाषेचा डौलही सारखा नाही. एका श्लोकावर माउली थांबतात, तिथे दासोपंत पुढे जातात, आणि माउली जिथून हळूच पुढे सरकतात तिथे दासोपंत तळ ठोकून बसतात. म्हणून दासोपंतांची गीता निराळी आणि माउलींची निराळी असे कोणी म्हटले आहे का? एका ग्रंथाला अनेक अर्थ फुटतात हे आपल्याला मुळीच नवे नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

राजे महंमदांचे घराणे सूफी वळणाचे. घराण्याच्या गुरुपरंपरेत ग्वाल्हेरच्या शाह महंमद गौस यांचे नाव येते. हे गौस १५६३ मध्ये वारले आणि त्यांची कबर ग्वाल्हेरला आहे. ते केवढे विलक्षण गृहस्थ! अमृतकुंड नावाचा योगावरचा एक ग्रंथ पूर्वीच अरबीत उतरला होता. गौसांनी तो फारसीत आणला आणि त्याला बहर-उल-हयात, म्हणजे जीवनाचा सागर, असे नाव दिले. आसने, प्राण, नाद, देहातली चक्रे हा सारा आपल्या नाथपंथी जोग्यांचा ठेवा एक मुसलमान पीर आपल्या शिष्यांसाठी फारसीत लिहून ठेवतो! त्यांना त्यात परके काही दिसले नाही. श्वासाबरोबर देवाचे नाव चालवावे ही गोष्ट त्यांच्या जिक्रात होतीच, आणि आपल्या नामस्मरणातही आहे. जोग्याची धुनी आणि फकिराचा तकिया यांमधले अंतर बाहेरून पाहणाऱ्याला वाटते तेवढे नव्हते.

राजे महंमदांचे शिष्य चांद बोधले, आणि चांद बोधल्यांनी पुढे आपल्या गुरूच्या मुलालाच, शेख महंमदांना, उपदेश दिला अशी परंपरा आहे. आता वारकरी मंडळींनी कान द्यावा. हे चांद बोधले म्हणजे देवगिरीचे. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांचे गुरूही तेच, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि जनार्दनस्वामी म्हणजे आपल्या नाथमहाराजांचे गुरू. म्हणजे पैठणचे एकनाथ आणि वाहिऱ्याचे शेख महंमद एकाच झाडाच्या दोन फांद्या ठरतात. एकीवर भागवत पिकले, दुसरीवर योगसंग्राम.

महिपतिबुवांच्या ग्रंथात ही गोष्ट वेगळ्या रंगाने येते. तिथे मलंगाच्या वेषात नाथांना दर्शन देणारे साक्षात दत्तात्रेय आहेत. सूफींच्या यादीत तोच पुरुष कादरी पंथाचा पीर म्हणून येतो. यात खरे कोणते आणि खोटे कोणते? माझे मत विचाराल तर दोन्ही लेखक आपापल्या डोळ्यांनी एकाच माणसाकडे पाहत होते. ज्याला दत्त दिसला त्याला दत्त दिसला, ज्याला पीर दिसला त्याला पीर. झोळी एकच होती.

नाथांचे हिंदु-तुर्क संवाद हे भारूड पुष्कळांनी ऐकले असेल. त्यात एक हिंदू आणि एक तुरूक कडाकडा भांडतात. एक म्हणतो तुमच्या किताबात असे, दुसरा म्हणतो तुमच्या पुराणात तसे. एकमेकांच्या शास्त्रांतले वर्म दोघे काढतात, आणि भांडता भांडता शेवटी गळ्यात गळा घालतात. हे नाथांनी हवेतून आणले असे मला वाटत नाही. देवगिरी-पैठणच्या बाजारात असली भांडणे रोज ऐकू येत असतील. नवल एवढेच की त्या भांडणाचा शेवट असा होऊ शकतो हे नाथांना दिसले.

असो. शेख महंमद पुढे श्रीगोंद्याला आले. हे गाव आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात येते. त्या काळी त्याला चांभारगोंदे म्हणत. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी महाराजांना गुरुस्थानी मानले, तिथे मठ बांधून दिला आणि जमीन इनाम दिली, असे सांगतात. निजामशाहीचा मराठा सरदार, त्याचा गुरू मुसलमान, आणि गुरूचा देव विठ्ठल! आजच्या माणसाला हा हिशेब जुळवताना बोटे मोडावी लागतात. त्या काळच्या माणसाला जुळवावा लागला नाही.

महाराजांनी मराठीत पुष्कळ लिहिले. योगसंग्राम, पवनविजय, निष्कलंकप्रबोध, शिवाय अभंग, आणि हिंदुस्थानी बोलीतली पदेही आहेत. यांत योगसंग्राम मुख्य. तो शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली, पुरा झाला. तेव्हा देहूला तुकोबाराय होते आणि शिवराय पंधरा वर्षांचे होते. ग्रंथाचे प्रसंग अठरा. गीतेचेही अध्याय अठराच. हा योगायोग असेल, पण मला तसे वाटत नाही. गीतेतले युद्ध कुरुक्षेत्रावर होते, योगसंग्रामातले देहात होते. जीव हा स्वार, मन हे त्याचे घोडे, आणि समोर काम, क्रोध, मद, मत्सर यांचे सैन्य. सूफी लोक म्हणतात की तलवारीची लढाई लहान, स्वतःच्या वासनेशी लढायची ती मोठी. गीतेचा अर्थ लावणाऱ्या आपल्या कित्येक सत्पुरुषांनीही रणांगण हृदयातच दाखवले आहे. शेख महंमदांना हे दोन्हीकडून मिळाले होते. बापाच्या घरून एक, आणि गावच्या कीर्तनातून दुसरे. त्यांनी दोन्ही एका मराठी ओवीत असे मिसळले की दूध कुठले आणि साखर कुठली ते सांगता येऊ नये.

देवाच्या नावाविषयी त्यांचे म्हणणे सरळ आहे. मुसलमान ज्याला सच्चा पीर म्हणतात त्यालाच मराठे सद्गुरू म्हणतात, नीट डोळे उघडून पाहिले तर दोघांत भेद नाही. सारी सृष्टी एका निर्गुणापासून झाली, मग त्याला कोणी कोणत्या भाषेत हाक मारली याचा झगडा कशाला? पण वाचकहो, इथे एक सावधगिरी हवी. सगळे धर्म सारखेच, तेव्हा काहीही करा, असे महाराजांनी कुठेच म्हटलेले नाही. त्यांची जीभ फार तिखट होती. क्षुद्र देवतांपुढे बकरी-कोंबडी कापणाऱ्यांना त्यांनी झोडपले, आणि पोटासाठी कफनी घालणाऱ्या फकिरांनाही तेवढेच झोडपले. ढोंगी गुरू, मंत्र विकणारे, गंडेदोरे करणारे, कोणीही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. मूळ एक आहे म्हणून फांदीवरची कीड तशीच ठेवायची असे त्यांच्या मनात नव्हते. अर्थ निराळे असू शकतात, ढोंगाला मात्र माफी नाही, असा त्यांचा रोख.

स्वतःविषयी ते अविंध हा शब्द वापरतात. अविंध म्हणजे ज्याचा कान टोचलेला नाही तो. आपल्याकडे मुलाचे कान टोचायचे, त्यांच्याकडे नाही, म्हणून मुसलमानाला हे नाव पडले. महाराजांनी ते लपवले नाही, उलट मिरवले. केतकीला काटे असतात पण आत केवडा असतो, फणस वरून खरबरीत पण आत गोड, नारळ वरून कठीण पण आत पाणी, तसा मी अविंध असलो तरी माझ्या हृदयात गोविंद आहे, असा त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगाचा भाव आहे. हे कोणी लिहील? ज्याला दोन्हीकडून टोचले गेले तोच लिहील. विठ्ठलाचे नाव घेतो म्हणून आपले लोक नाके मुरडीत असतील, आणि कान टोचलेला नाही म्हणून टाळकरी दूर सरकत असतील. त्यांनी नाव बदलले नाही आणि देवही बदलला नाही. कानाचे काय ते कानाशी ठेवले.

वारकऱ्यांनी मात्र त्यांना आपले म्हटले. नाथ म्हणजे ज्ञानोबांचा अवतार, तुकोबा म्हणजे नामदेवांचा आणि शेख महंमद म्हणजे कबीरांचा, अशी समजूत महाराष्ट्रात पक्की झाली. समर्थ रामदासांनीही त्यांची थोरवी गायली असे सांगतात. आपल्या काळात वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ मध्ये योगसंग्राम प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी महाराजांचा कवितासंग्रहही काढला. त्यामुळे महाराजांची वाणी पुन्हा अभ्यासकांच्या हाती आली. ग्रंथ वाचायला सोपा नाही, हे कबूल केले पाहिजे. योगातले शब्द आहेत, फारसी शब्द आहेत, आणि जुनी मराठी आहे. पण चार ओव्या धरून बसले की वाट सापडते.

महाराजांचा देह श्रीगोंद्यातच ठेवला. त्या जागेला कोणी समाधी म्हणते, कोणी दर्गा. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही शब्द एका अंगणात सुखाने नांदले. अलीकडच्या वर्षांत मात्र ते मंदिर की दर्गा, कागदावर कोणते नाव, व्यवस्था कोणाची, यावरून गावात वाद झाला. त्याची बातमी वाचली आणि मन खट्टू झाले. कज्जाचा निकाल ज्यांनी द्यायचा ते देतील. मला त्या दिवशी आठवली ती देवगिरीची झोळी. तिच्याकडे पाहून एकाने दत्त म्हटले होते, एकाने पीर म्हटले होते, आणि त्यासाठी कोणी कोणाच्या अंगावर गेल्याचे ऐकिवात नाही.

महाराजांची एक कथा आपल्या संप्रदायात मोठ्या आवडीने सांगतात. श्रीगोंद्यात त्यांचे कीर्तन चालले होते. रंग भरात आला होता, टाळ-मृदंग चालू होते, आणि मध्येच महाराज थबकले. दोन्ही हात एकमेकांवर जोरजोराने चोळू लागले, जणू काही विझवीत आहेत. श्रोत्यांना कळेना. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतले, तेव्हा तळहात काजळासारखे काळे झालेले दिसले. लोकांनी कारण विचारले. महाराज म्हणाले, देहूला तुकोबांचे कीर्तन चालू आहे, तिथे मंडपाला आग लागली होती, ती विझवली. कित्येकांना हे खरे वाटेना, म्हणून गावची माणसे चौकशीला देहूला गेली. तिथल्या लोकांनी सांगितले, होय, त्या रात्री मंडप पेटला होता आणि कोणी हात न लावता आपोआप विझला. विझला कसा, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते. श्रीगोंद्याच्या माणसांनी मग त्यांना त्या काळ्या हातांची हकिगत सांगितली.