पंडिता रमाबाई : पोरक्या लेंकरांची कैवारी

पंडिता रमाबाईंचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मनुष्य आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत विरळा. त्यांची विद्वत्ता, विलायतेचा प्रवास व मराठी बायबल ह्यांविषयीं उपदेशक बंधूंनीं पुष्कळ सांगितलें आहे. आज त्यांच्या चरित्रांतला एकच धागा हातीं धरावयाचा आहे. जें लेंकरूं आपल्या पोटचें नाहीं, त्यास नुसता घांस घालून भागत नाहीं. त्याच्या वतीनें चार लोकांत, आणि प्रसंग पडल्यास सरकारदरबारींही, बोलणारें कोणी तरी माणूस लागतें. ह्या दोन्ही गोष्टी रमाबाई कशा शिकल्या व त्यांनीं त्या कशा केल्या, तें पाहूं.

त्यांचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. लोकापवाद सोसून त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें तें रमेस दिलें. पुढें दारिद्र्य आलें, आणि हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं पायीं हिंडूं लागलें. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत दुष्काळ पडला, तेव्हां गांठीचें सर्व संपलें. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले. नंतर रायचूरच्या मुक्कामीं आई अन्नाविना अंथरुणास खिळली. रायचूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, व आमचें पालम आणि सारा परभणी जिल्हाही त्याच राज्यांत होता. म्हणून ही कथा परमुलखाची समजूं नये.

आईच्या तोंडीं घालण्यापुरती भाकरी मागावी म्हणून सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका बाईच्या दारीं जाऊन उभी राहिली. तोंडांतून शब्द फुटेना. त्या बाईनें चेहऱ्यावरून काय तें ओळखिलें व बाजरीची भाकरी हातावर ठेविली. परंतु ती घेऊन मुलगी परत आली तों आईला घांस गिळण्याची शक्तिच उरली नव्हती. आई वारली, तेव्हां तिरडीला पुरते खांदेकरी मिळेनात. मुलीलाच भार उचलावा लागला. थोड्याच काळानें थोरली बहीणही गेली. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें देशभर पायीं फिरलीं. झेलमेच्या कांठीं थंडीच्या रात्रीं वाळूंत खड्डा करून व अंगावर वाळू ओढून निजलीं. जिला मागतां आलें नाहीं तिनेंच पुढें शेंकडों मुलींसाठीं मागितलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८७८ त कलकत्त्यास विद्वानांनीं तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ निवर्तला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलाशीं तिचा विवाह झाला. १८८२ त तेही पटकीनें गेले, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या व तेथेंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें अमेरिकेंत व्याख्यानें देऊन त्यांनीं मित्रमंडळी जोडली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन काढिलें. दुसऱ्याच वर्षीं तें पुण्यास नेलें.

१८९३ सालीं सदनावर मोठें वादळ आलें. कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस येऊन बसत. त्यांवर सक्ति नव्हती, पण दार उघडें होतें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर आदि सल्लागारांनीं संबंध सोडला, आणि पालकांनीं वीसांवर मुली काढून नेल्या. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट सांगतांना सल्लागारांस दोष देऊन मोकळे होतों. तें बरें नव्हे. परक्याचें मूल ज्याच्या हवालीं आहे, त्याला आईबापांच्या व नातलगांच्या धास्तीचा मान राखावाच लागतो, आणि ती धास्ती खोटी नव्हती. रमाबाईंनीं मात्र आपली प्रार्थना लपविली नाहीं व राहिलेल्या मुलींस सोडिलें नाहीं.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतांत फार कडक होता. आईची भाकरी न विसरलेल्या रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नगृहांच्या आसपास निराधार पोरींना फसवून नेणारे लोक टपून बसत, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व लिहून प्रसिद्ध केलें. सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या जणींस ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून त्यांना दौंडजवळ केडगांवास, सदनासाठीं घेतलेल्या शेतावर नेलें. तेंच पुढें मुक्ति सदन झालें.

ह्याच १८९७ सालीं त्यांच्या सांभाळांतील एक मुलगी पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यांत नेण्यांत आली. तेथें तिच्या अब्रूचें रक्षण झालें नाहीं, व स्त्रियांची व्यवस्था लज्जास्पद आहे, असें रमाबाईंनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत उघड लिहिलें. गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट ह्यांनीं तें खोटें ठरविण्याचा यत्न केला. मुलगी कोणाची? ना सोयरी, ना धायरी. सरकार ख्रिस्ती, आणि रमाबाईंच्या संस्थेस सरकारच्या मर्जीची गरज. तरी त्यांनीं शब्द मागें घेतला नाहीं. आमच्या शास्त्रांत प्रभूस पित्याजवळचा कैवारी म्हटलें आहे. त्या शब्दाचा अर्थ एखाद्या भोळ्या बहिणीस सांगावयाचा असेल, तर उपदेशकानें ही गोष्ट सांगावी.

१९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, व केडगांवची वस्ती दीड हजारांवर गेली. एवढ्या पोरांस एकटी बाई आई कशी होणार? शारदा सदनांत शिकलेल्या थोरल्या मुलींनीं धाकट्यांचा भार आपण होऊन पत्करिला. आलेल्या पोरींचीं अंगें फोडांनीं भरलेलीं, डोक्यांत उवा, आणि भाकरी दिसतांच झडप घालण्याची संवय. त्यांस न्हाऊं घालणें, रात्रीं जवळ निजविणें, अक्षरें गिरवून घेणें हीं कामें त्यांनीं केलीं, आणि त्यांतील कित्येक स्वतः बालविधवा होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हे उद्योग चालू झाले. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें. पुढें मनोरमाबाईंनीं निजामाच्या राज्यांत गुलबर्ग्यासही शाळा काढिली.

आज दुष्काळाचीं तसलीं अन्नगृहें नाहींत, पण पोरकें मूल आहे. पालम-गंगाखेडाकडून ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांचीं कित्येक मुलें आजीच्या भरंवशावर राहतात. आजी गेली म्हणजे त्यांस कोण? २०१५ च्या कायद्याप्रमाणें अशा निराधार मुलास दुसऱ्या कुटुंबांत सांभाळास ठेवितां येतें, परंतु तें जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या हुकुमानें. गुपचूप घरीं आणून ठेवणें, मग हेतु कितीही चांगला असो, योग्य नाहीं. १०९८ ह्या क्रमांकावर कळवितां येतें. मूल समितीपुढें न्यावयाचें तर परभणीपर्यंत त्याच्यासंगें जाणें, त्याचा दाखला शोधणें, त्याची शाळा सुटूं न देणें, आणि तें घाबरून गप्प बसलें तर आपण त्याच्या बाजूनें नीट सांगणें, हें काम पगाराशिवाय करणारीं माणसें पाहिजेत. मंडळींतील एखादी शिकलेली बहीण हें सहज करूं शकेल.

रमाबाईंचीं शेवटचीं वर्षें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर करण्यांत गेलीं. तें केडगांवच्या छापखान्यांत छापलें गेलें, आणि तेथील कामास आश्रमाच्या स्त्रियांचे हात लागले होते. १९१९ त सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं एकुलती एक मनोरमा वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या. केडगांवचें मुक्ति सदन आजही चालू आहे. पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर तें लागतें.